सागाच्या कुपातून गायरानावर

लग्नाआधी मला माहीत असलेली झाडं मोजकीच होती. बांधावरची बाभूळ, विहिरीजवळचा कडुलिंब, शाळेपुढची चिंच. आमचं गाव औशाच्या अलीकडं, सगळं काळं रान. चुलीला तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. अख्खं लाकूड चुलीत जाताना मी फक्त लग्नाच्या स्वयंपाकाला पाहिलेलं. त्यामुळं मुलगा फारेस्टात नोकरीला आहे म्हटल्यावर मैत्रिणींनी मला तेवढंच चिडवलं, की आता हिला जन्मभर जळणाची काळजी नाही.

हे किनवटच्या बाजूला वनपाल होते. मूळचे धर्माबादकडचे. मराठीत बोलता बोलता तेलुगूत शिरायचे आणि परत मराठीत यायचे, त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. लग्न आमच्या गावात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं, भर उन्हात झालं. नंतर थोड्याच दिवसांनी मी यांच्याबरोबर नांदेडहून एसटीनं निघाले. भोकर गेलं, आणखी पुढं गेलो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी साग सुरू झाला. कुणी पाणी घालत नाही, राखण करत नाही आणि एवढी झाडं एका जागी उभी, हे मला खरंच वाटेना. मी खिडकीबाहेर बघत होते आणि हे माझ्याकडं बघत होते. तो सगळा साग यांनी स्वतः लावलाय असा यांचा चेहरा झालेला.

पहिल्याच आठवड्यात ते मला कूप दाखवायला घेऊन गेले. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला काढलेला जंगलाचा तुकडा. मला वाटलं, काहीतरी बघण्यासारखं असेल, म्हणून मी लग्नातली बरी साडी नेसले होते. तिथं गेल्यावर एक कोलाम आदिवासी मजूर कुऱ्हाडीनं झाडाच्या बुंध्याची थोडी साल काढायचा आणि हे त्या ओल्या पांढऱ्या जागेवर हातोडा मारायचे. हातोड्याच्या तोंडावर खात्याचं चिन्ह कोरलेलं होतं, ते लाकडात उमटायचं. मग पुढचं झाड. मला आधी ते आवडलं. मग माझ्या लक्षात आलं, की शिक्का बसलेलं झाड तोडायचं आणि बिनशिक्क्याचं ठेवायचं.

"ही सगळी जाणार?" मी विचारलं.

"जाणार की," हे म्हणाले. "त्याच्यासाठीच तर नोकरीला हाय मी."

इतक्या सहज म्हणाले, की मी तशीच घराकडं वळले. घरी आल्यावर मी स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली. तोंडातून शब्द काढला नाही. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता आणि मी अबोला धरून बसले होते, तेही झाडांसाठी. यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दारात उभं राहून म्हणाले, "तू गप बसलीस की हे घर लई मोठं वाटतंय."

ते घर म्हणजे खात्याच्या चाळीतल्या दोन खोल्या होत्या. मला हसू आवरलं नाही आणि अबोला तिथंच संपला. पण भांडण संपलं नाही. ते पुढं कितीतरी वर्षं आम्ही आवडीनं जपलं.

पाऊस पडून गेल्यावर ते मला आदल्या वर्षीच्या कुपात घेऊन गेले. तोडलेल्या सागाच्या खुंटांना धुमारे फुटले होते आणि त्यांची पानं सुपाएवढी. जुन्या झाडाची पानंसुद्धा एवढी मोठी नसतात. एका खुंटाजवळ बसून त्यांनी मला सांगितलं, की खालची मुळं तशीच आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं साठवलेलं बळ आता या कोंबांना मिळतंय. त्यातला जोमाचा एक कोंब ठेवायचा, बाकीचे काढायचे. पन्नासेक वर्षांनी पुन्हा तसंच झाड. "आम्ही वरचं नेलं, खालचं ठिवलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "वरचं नेलं ते काही थोडं नेलं नाही."

यावर ते कान खाजवायला लागले. अडले की असंच. ती सवय अजून आहे.

किनवटची ती वर्षं मला सुखाची आठवतात. थोरली मुलगी तिथलीच. हिवाळ्यात पहाटे अंगणात शेकोटी असायची आणि हे तिच्याजवळ बसून दिवसभराचं काम मनाशी लावत असायचे. तोडीचा हंगाम आला की बैलगाड्यांनी ओंडके रस्त्याला यायचे, तिथून ट्रकनं नांदेडच्या डेपोत. एकदा नांदेडला गेलो असता हे मला आरागिरणीत घेऊन गेले. सिनेमाला जाऊ म्हणून मी तयार झाले होते, आणि यांनी वाटेत रिक्षा थांबवून मला करवतीखाली फाटणारा ओंडका दाखवला. भुसा हवेत तरंगत होता, त्याचा वास गोडसर, किंचित तिखट. बायका पोत्यात भुसा भरून नेत होत्या. तेव्हा घरोघरी भुशाच्या शेगड्या होत्या. सिनेमा सुरू होऊन गेला होता. मग आम्ही गोदावरीच्या घाटावर बसून शेंगा खाल्ल्या.

यांना एक खोड लागली होती. कुणाच्याही घरी गेलो की आधी दार वाजवून बघायचे. आत बोलावण्यासाठी नाही. लाकूड कोणतं आहे ते कळावं म्हणून. साग असला की खूश. मग पलंग, मग देव्हारा, मग खुर्ची. माझ्या आत्याच्या घरी तर पाव्हणे बसायच्या आधी हे पाळण्याच्या कड्या बघत आढ्याखाली उभे. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली होती, जावई चांगले आहेत, पण त्यांचं नेमकं काय हरवलंय?

मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. आमच्याकडच्या लोकांना तो फार मोठा आनंद होता. आता प्रत्येक कामाला उस्मानाबाद गाठायची गरज राहिली नाही. गावाकडून कुणीही आलं की पहिल्यांदा तेच सांगायचं, कोणतं ऑफिस कुठं भाड्यानं घेतलं, कुणाच्या गोदामात कुणाचं टेबल लागलं. माझी आई त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. मला जवळ राहायचं होतं, पण तसं मी यांना कधी म्हटलं नव्हतं, कारण लातूरकडं जंगल जवळपास नाहीच आणि या माणसाला जंगलाबाहेर झोपसुद्धा लागायची नाही.

एक दिवस बाहेरून आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लातूरला बदली मागितली. आई तुझी एकटी पडून राहिली."

मी म्हटलं, तिथं तुम्ही करणार काय? तिथं तोडायला झाडच नाही.

"तर मग लावू की," ते म्हणाले.

लातूरला त्यांना सामाजिक वनीकरणाचं काम मिळालं. ऑफिस एका अडत दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. खुर्च्या यायच्या होत्या, तोवर सगळे बियाण्यांच्या पोत्यांवर बसायचे. सहकारी त्यांना गमतीनं म्हणायचे, सायबानी आयुष्यभर जंगल कापलं, आता प्रायश्चित्त घेऊन राहिले. ते हसायचे, पण ते त्यांना लागायचं. घरी आल्यावर मला विचारायचे, तुलाही तसंच वाटतं का? मी म्हणायचे, मला तर पहिल्यापासूनच तसं वाटतं. मग आम्ही जेवायला बसायचो.

मी बी.एस्सी. होते, त्यामुळं मला एका शाळेत विज्ञान शिकवायचं काम मिळालं. आई माझ्या डोळ्यांसमोर होती. सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत पाऊस गेला. पहिल्या वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी नुसतं पडल्यासारखं केलं. बाहत्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते, आईबापांबरोबर खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जाऊन तिथं वाटली जाणारी सुकडी खाल्लेली. त्यामुळं नदी आटणं, जनावरं बाजारात निघणं, हे मला ओळखीचं होतं. यांना नव्हतं. जंगलात राहिलेल्या माणसाला हिरवं नसलेली सकाळ पहिल्यांदा भेटली, तेव्हा ते दोन-तीन दिवस नीट जेवले नाहीत.

औसा रोडवरून आत एका गावच्या गायरानावर त्यांची रोपवाटिका होती. पांढऱ्या मुरमाचा माळ, त्याच्या कडेला खात्यानं पाडलेली विहीर, आणि सावलीला तुराट्यांचा मांडव घालून खाली पिशव्यांत रोपं. निलगिरी, सुबाभूळ, लिंब. खड्डे खणायला रोजगार हमीवर गावातल्याच बाया होत्या. माळावर देवणी जातीची जनावरं चारणारे शेतकरी नाराज होते. चराई बंद होणार म्हणून. रात्रीत कुणीतरी कुंपणाच्या काट्या काढून न्यायचं. हे सकाळी जाऊन परत लावायचे. कुणाचं नाव घ्यायचे नाहीत.

उन्हाळा लागला तशी आधी वस्तीवरची विहीर आटली. वस्ती म्हणजे आमच्या समाजाची घरं, गावाच्या कडेला. नंतर गावातली आटली. टँकर यायचा, कधी यायचा नाही. आणि एका सकाळी हे रोपवाटिकेवर पोहोचले तर बाया घागरी घेऊन विहिरीच्या काठाला उभ्या. पुढं एक म्हातारीशी मावशी होती. खड्ड्यांच्या कामावर रोज येणारी, नवरा नसलेली, बोलायला खमकी. तिनं सरळ विचारलं, झाडाला पाणी हाय तर माणसाला का न्हाई?

विहिरीतलं पाणी फक्त रोपांसाठी, असा वरून हुकूम होता. यांनी दोर तिच्या हातात दिला.

संध्याकाळी घरी आले ते उंबऱ्यावरच बसले. मला सगळं सांगितलं. पाणी द्यायचंच होतं, त्याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता. पण विहीर काही दोघांना पुरणार नव्हती. रोपं आठवड्यात वाळणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ती रोपं बी टाकण्यापासून वाढवली होती. मी भांडी घासत होते. राखेचं पाणी मोरीतून वाहत बाहेरच्या कढीपत्त्याला जात होतं, आणि त्या उन्हाळ्यातही आमचा कढीपत्ता तरारलेला होता. मी म्हटलं, "पाणी माणसानं वापरलं म्हणजे संपलं थोडंच. ते कुठंतरी जातंच की."

यांनी मोरीकडं पाहिलं, कढीपत्त्याकडं पाहिलं. मग उठून कपडे बदलायचं सोडून पुन्हा सायकल काढली. मी थांबवलं म्हणून थांबले, नाहीतर तसेच निघाले असते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही गेले. विहिरीच्या काठावर यांनी बायांपुढं गोष्ट मांडली. घागर भरून न्यायची, आणि उद्या येताना रिकामी घागर आणायची नाही. भांड्यांचं, अंघोळीचं, जे काही उरलेलं पाणी असेल ते घेऊन यायचं आणि रोपांना घालायचं. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. खरकटं पाणी डोक्यावर घेऊन माळावर यायचं म्हणजे काय! मावशी मात्र हसली नाही. तिनं मला विचारलं, "बाई, तुम्ही मास्तरीण हाव. ह्येंचं डोकं ठिकाणावर हाय ना?"

मी म्हटलं, मावशी, कल्पना माझीच आहे.

"मंग दोघांचंबी गेलंय," ती म्हणाली आणि यांच्याकडं वळली. "आणते मी पाणी. पर झाडं आमाला इचारून लावायची. ही निलगिरी ना सावली देती, ना पाला. लिंब लावा, चिंच लावा, शेवगा लावा. आन मोठी झाल्यावर काटूक मोडलं म्हणून फारेस्टवाल्यानं दारात यायचं न्हाई."

योजनेत काय लावायचं ते वरून ठरून आलेलं होतं. हे कान खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, अर्धी तुमची, अर्धी सरकारची. मावशीनं जरा विचार केला आणि घागर विहिरीत सोडली.

त्या उन्हाळ्यात जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. सकाळी वस्तीवरून आणि नंतर नंतर गावातूनसुद्धा बायांची रांग माळाकडं यायची. चेपलेल्या घागरी, बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे, त्यात गढूळ राखेचं पाणी. ते रोपांना घालायचं, घागर विसळायची, पिण्याचं भरायचं आणि परत. ज्यांची जनावरं माळावर चरायची त्या घरातल्या बायाही त्याच रांगेत असायच्या, त्यामुळं कुंपणाच्या काट्या जायच्या थांबल्या. माझ्या वर्गातल्या मुलींना मी एकदा तिथं नेलं होतं. मावशीनं त्यांना प्रत्येकीला एकेक रोप दाखवून हे तुझं, हे तुझं असं सांगून टाकलं आणि मुलींनी पुढं कित्येक महिने मला आपापल्या रोपांची खबर विचारून भंडावलं.

वरचे साहेब जीप घेऊन आले तेव्हा नेमकी रांग लागलेली होती. त्यांनी बायांना विहिरीतून पाणी शेंदताना पाहिलं आणि ते चिडले. खात्याची विहीर, हुकूम माहीत नाही का, वगैरे. यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग सांगितलं, "सायब, पाणी आधी माणसाला. रोपं मेली तर माझ्यावर टाका." साहेबांनी तोंड फिरवलं तर मावशी समोरच राखेचं पाणी एका लिंबाच्या रोपाला घालत होती आणि रोप चांगलं हातभर वाढलेलं. साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. पुढं पाऊस झाल्यावर तेच साहेब आणखी दोन साहेबांना घेऊन आले आणि ही आमची योजना म्हणून माळ दाखवत फिरले. हे त्यांच्या मागं मागं हात बांधून चालत होते. घरी आल्यावर मला म्हणाले, त्यांना आवडली ना, मग बस झालं.

सगळी रोपं जगली नाहीत. बरीच गेली. पण जी राहिली ती अशी राहिली, की चार-पाच वर्षांत रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतून तो माळ वेगळा ओळखू यायला लागला. आई तोवर गेली होती. धाकटी मुलगी झाली होती. परत किनवटला बदली मिळत असताना यांनी घेतली नाही. मला म्हणाले, तुझी शाळा आहे. पण दर रविवारी सायकल माळाकडं जायची, तेव्हा मला खरं कारण कळायचं.

नववीच्या पुस्तकात कार्बनचं चक्र होतं. मी फळ्यावर बाण काढून शिकवायचे: झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यातला कार्बन अंगात ठेवतं, लाकूड जळलं की तो परत हवेत. पुढं पुढं वर्तमानपत्रात पृथ्वी तापत चालल्याचं यायला लागलं, तेव्हा मुली जास्त प्रश्न विचारायच्या. एकदा रात्रीच्या जेवणानंतर मी उद्याचा धडा वाचत होते, तर हे म्हणाले, मलाही सांग. मी सांगितलं. वाळलेल्या लाकडाच्या वजनातलं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचंच असतं, हे ऐकून त्यांनी बसल्या जागेवरून दाराच्या चौकटीकडं पाहिलं.

"म्हणजे ह्या चौकटीत हाय तो?"

"आहे. चौकट आहे तोवर आहे."

"आन चुलीत घातली तर?"

"तर गेला हवेत."

त्यांनी उठून चौकटीवरून हात फिरवला. मग विचारलं, "मंग मी काय केलं? हवेत सोडलं का धरून ठिवलं?"

इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर हसत भांडत आलो होतो ती त्यांनी इतक्या साध्या आवाजात विचारली, की मला फळ्यावरचे बाण आठवेनात. मी म्हटलं, ते लाकूड पुढं कुठं गेलं त्यावर आहे. ज्याचं दार झालं, पलंग झाला, ते अजून धरून आहे. जे जळलं ते गेलं. आणि तोडलं तिथं पुन्हा झाड वाढलं असेल तर ते नव्यानं हवेतून ओढून घेतंय, पण त्याला जुन्याएवढं व्हायला पन्नास वर्षं लागणार.

त्यानंतर या माणसानं आपली लाकडं शोधायला सुरुवात केली. नांदेडला कुणाच्या लग्नाला गेलो की मांडवात न बसता आरागिरणीत जायचे. विचारायचे, ओंडक्यातलं किती फळीत निघतं, सालपट कुठं जातं, भुसा कुठं जातो. परत येताना एसटीत मला सगळं सांगायचे. फांद्या तर जंगलातच जळणाला गेल्या. बाहेरची सालपटं हॉटेलांच्या भट्टीत. भुसा शेगडीत. घरात जाऊन राहिलं ते ओंडक्याच्या पोटातलं तेवढं. "निम्म्याच्या वर जळलंच म्हण," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पर त्या शेगडीवर कुणाचं तरी कालवण शिजलंच की." मी म्हटलं, हो, आणि तो भुसा नसता तर त्यांनी रॉकेल जाळलं असतं. रॉकेलचा कार्बन जमिनीच्या पोटातून काढलेला, त्याच्या जागी काही परत उगवत नाही. हे त्यांना एवढं आवडलं की त्यांनी ते शेजारच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थाला समजावून सांगितलं. गृहस्थ कंधारला उतरायचे होते, ते लोह्यालाच उतरून गेले, असं मी नंतर सांगत असते. हे म्हणतात, ते खोटं आहे.

भूकंप झाला त्यानंतरच्या वर्षाची ही गोष्ट. माळाचं ते गाव पडलं नव्हतं, पण भिंतींना भेगा गेल्या होत्या, आणि दगडमातीच्या माळवदाखाली झोपायला कुणी धजत नव्हतं. लोकांना हलकी घरं हवी होती, वर पत्रे, खाली वासे. आणि वासे तर समोर माळावर सरळसोट उभे होते. माळ तोवर ग्रामपंचायतीच्या ताब्यात गेला होता. निलगिरी आणि सुबाभूळ तोडायची, असं गावानं ठरवलं आणि मंजुरीही घेतली. मावशीनं निरोप धाडला, की साहेबांना म्हणावं, कोणती तोडायची ते येऊन सांगा.

हे जायला तयार होईनात. पोट दुखतंय म्हणाले. सायकल पंक्चर आहे म्हणाले. मी पाहिलं तर सायकल चांगली होती.

मला आधी राग आला, मग हसू आलं. ज्या माणसानं नव्या बायकोला बऱ्या साडीत कुपात नेलं, त्याला आता चार निलगिरी तोडवेनात. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, मला किनवटला काय सांगितलं होतं? वरचं न्यायचं, खालचं ठेवायचं. निलगिरी खुंटातून फुटत नाही का?

"फुटते," ते म्हणाले.

"मग?"

"किनवटची मी लावली नव्हती."

मी जाऊन चहा केला. चहा झाल्यावर ते आपणहून उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, तू पण चल.

माळावर अख्खं गाव जमलं होतं. हे झाडांमधून फिरले. हात लावून कोणतं न्यायचं, कोणतं ठेवायचं, ते सांगत गेले. मागून एकजण चुन्यानं खूण करत होता. लिंब आणि चिंचांना हात लावायचा नाही, यावर वाद झालाच नाही. त्या मावशीच्या वाट्याच्या होत्या. सरळ लांब होती ती वाशांना, वेडीवाकडी गोठ्यांच्या मेढींना, आणि जळणाला फक्त शेंडे आणि फांद्या. हे प्रत्येकाला बजावून सांगत होते, की वासा कीड लागू नये म्हणून आधी पाण्यात बुडवून ठेवा, मेढीच्या जमिनीत गाडायच्या टोकाला डांबर लावा, म्हणजे लवकर सडणार नाही. कुणीतरी विचारलं, सायब, एवढी काळजी कशापायी, परत माळावर उगवणारच की. यांनी त्याला कार्बनचं सांगायला घेतलं. मी मध्ये पडले नाही. ते वाफेत आणि धुरात थोडे घोटाळले, पण चौकट आहे तोवर तो तिथंच आहे, हे मात्र बरोबर सांगितलं. मावशी ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे घर जितकं दीस टिकंल तितकं बरं. ते तर आमालाबी पायजेच हाय."

पहिलं झाड पडलं तेव्हा यांनी माझा हात धरला होता. सगळ्या गावासमोर, लग्नानंतर पहिल्यांदाच. मावशीनं पाहिलं आणि पदराआड हसली.

त्या पावसाळ्याच्या आत वस्तीवर आणि गावात बरीच पत्र्याची घरं उभी राहिली. काही वाकडी होती, पण त्यांत लोक निर्धास्त झोपत होते. पुढं दिवाळीच्या सुमारास एका सकाळी आमच्या दारात टेम्पो थांबला. आत एका बाजेचं नुसतं लाकूडकाम होतं, माळावर वाऱ्यानं उन्मळलेल्या एका लिंबाच्या लाकडाचं, चार पाय आणि चार कडा, सुतारानं नीट तासलेलं. वस्तीनं वर्गणी काढून करून घेतलेलं. मावशी स्वतः आली होती. गुडघे दुखत होते तरी ड्रायव्हरशेजारी बसून आली. विणून का आणली नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, साहेबांनीच तसा निरोप दिला होता.

तेव्हा मला कळलं, की यांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती आणि बाज स्वतः विणायची होती. सुतळी आणून ठेवलेली होती. आयुष्यात कधी बाज विणलेली नाही, तरी मावशीला खुर्चीत बसवून, तिच्याकडून विचारून विचारून त्यांनी ती विणली. मावशी मध्ये मध्ये म्हणायची, तसं न्हाई, उलटं. ते उलटं करायचे. मग ती म्हणायची, आता पयलं बरं होतं. संध्याकाळपर्यंत कशीबशी झाली. मावशी जेवून, आमच्या मुलींना शेवग्याच्या शेंगा देऊन, शेवटच्या गाडीनं गेली.

बाज एका अंगाला उतरती झाली आहे. तिच्यावर दोघं बसलो की दोघंही एकाच बाजूला घसरतो. मुलींनी कितीदा म्हटलं, उकलून नीट विणून घेऊ, पण हे ऐकत नाहीत. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झालं की ती दारातल्या लिंबाच्या सावलीत ओढतात आणि मला हाक मारतात. मीही तपासायच्या वह्या घेऊन जाते, आणि उतरत्या बाजूला त्यांना बसवते.